फेलिमची कबर कोणी खणायची

आमच्याकडे माणूस मेला की घरच्यांनी फावड्याला हात लावायचा नसतो. कबर शेजाऱ्यांनी खणायची. कुणी त्यांना बोलवायला जात नाही, कुणी पैसे देत नाही. ते आपणहून येतात, खणतात, घरून आलेल्या व्हिस्कीचा घोट घेतात आणि निघून जातात. आणि सोमवारी जमीन उकरायची नाही. सोमवारी उघडलेली कबर आणखी एकाला ओढते म्हणतात. म्हणून मंगळवारी दफन असलं तर रविवारी अंधार पडायच्या आत कुणीतरी जाऊन गवतासकट पहिलं ढेकूळ काढून ठेवतं. मग बाकीचं सोमवारी खणलं तरी चालतं. रविवारी कुणी ढेकूळ काढलं नाही तर समजायचं, गावानं नाही म्हटलं. तोंडानं बोलायची गरजच नाही.

माझ्या भावाचं, फेलिमचं, दफन मंगळवारी होतं. आणि रविवारची दुपार सरत चालली होती.

शनिवारी तो बर्मिंगहॅमहून आला, पेटीतून. पुढच्या खोलीत ठेवला. मी आरसा झाकला, घड्याळ थांबवलं, चर्चच्या हॉलमधून खुर्च्या आणल्या. एवढ्या खुर्च्या कशाला आणल्या देव जाणे! बायका आल्या. पेटीपाशी गुडघे टेकले, हॅमचे सँडविच आणि केक टेबलावर ठेवले, "बरा दिसतोय गं" म्हणाल्या आणि गेल्या. पुरुष एक आला नाही. आमच्या गावात कुत्रं मेलं तरी चार पुरुष येऊन दारात सिगरेटी ओढत उभे राहतात. इथे सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

कारण सांगते. फेलिम इंग्रजांच्या फौजेत होता. वीस वर्षांचा असताना इथून कामाला गेला, इमारतींवर विटा वाहिल्या, आणि एका हिवाळ्यात काम सुटलं तेव्हा भरती झाला. तेव्हा इकडे काही पेटलं नव्हतं. पण मग पेटलं, इंग्रजांविरुद्धच. आणि तो होता कुठल्या पलटणीत? पूल बांधणाऱ्या आणि पूल उडवणाऱ्या.

इंग्रजांच्या राज्याची हद्द आमच्या गावातूनच जाते: आमचं चर्च हद्दीच्या ह्या बाजूला, आमच्या देशात, आणि दफनभूमी त्या बाजूला, त्यांच्याकडे. हद्द आखणाऱ्यांनी मेलेल्यांना विचारलं नव्हतं. आता फौजेची चौकी गेली, टेकडीवरचा बुरूज पाडला, आता रस्त्याकडेचा पिवळा पट्टा पांढरा झाला की समजायचं, राणीच्या राज्यात आलो. पण त्या वर्षांत बंडखोरांची ये-जा थांबावी म्हणून फौजेनं हद्दीवरचे लहान रस्ते सुरुंग लावून उडवले. आमचा दफनभूमीचा रस्ताही उडवला, नेमका ओढ्याच्या मोरीवर, जिथे एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला दलदल. घर मावेल एवढा खड्डा पडला आणि ओढा त्यात येऊन बसला.

त्याच हिवाळ्यात उल्टन शेरीची आई वारली. उल्टन आमचा शेजारी, फेलिमच्या वर्गातला. त्या बाईची पेटी खालच्या लव्हाळ्याच्या शेतातून न्यावी लागली. पुरुष मांडीपर्यंत रुतत होते. ओढ्याच्या काठी पेटी निसटली आणि चिखलात आडवी झाली. आवाज अजून माझ्या कानात आहे. माझी आई त्या बाईची जिवाभावाची मैत्रीण. ती तिथेच चिखलात गुडघ्यांवर बसली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "ज्यानं हा रस्ता मोडला, त्याची पेटी या रस्त्यानं कधी न येवो." सगळे म्हणाले, आमेन. मीपण म्हणाले.

पुढे गावानं तो खड्डा भरला. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर पुरुष फावडी घेऊन जायचे, भरायचे. फौज पुन्हा उडवायची, हे पुन्हा भरायचे. कबरी खणायलाही तीच फावडी. ती उल्टनच्या गोठ्यात असतात. उल्टननं फावडं उचललं की बाकीचे उचलतात. त्यानं नाही उचललं तर कुणाची छाती नाही.

"डिम्फना, ते येणार नाहीत ना?" वेंडी म्हणाली. वेंडी म्हणजे फेलिमची बायको, इंग्रज. ती खिडकीत उभी होती, हातात त्याची फौजेतली टोपी. बिल्ला घासून घासून लखलखीत केला होता.

"ती टोपी आधी बॅगेत ठेव," मी म्हटलं.

"पेटीवर ठेवायची आहे मला. त्याला अभिमान होता तिचा."

"असेल. अभिमान बर्मिंगहॅमला ठेवायचा होता! इथं ती टोपी पेटीवर दिसली तर कबर राहू दे, फादरसुद्धा आजारी पडतील."

"मग त्याला इथं आणायलाच नको होतं." तिनं बिल्ल्यावर अंगठा फिरवला. "पण शेवटच्या आठवड्यात तो दुसरं काही बोलतच नव्हता. आईजवळ ठेवा, आईजवळ ठेवा. मी शब्द दिलाय त्याला."

माझंही टाळकं फिरलं. "आईजवळ! आई मेली तेव्हा आला होता का तो? आम्ही दोन दिवस पेटी उघडी ठेवली त्याच्यासाठी. बोटीचं तिकीट मिळालं नाही म्हणाला. एवढ्या वर्षांत एकदा तिच्या कबरीवर आला नाही, आणि आता म्हणे आईजवळ!"

वेंडीनं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. काहीतरी बोलणार होती, पण ओठ मिटले. टोपी मात्र बॅगेत ठेवली.

मी कोट चढवला. बोलवायला जायचं नसतं हे मला ठाऊक होतं. माझ्या सात पिढ्यांत कुणी गेलं नसेल. पण तालुक्याहून यंत्रवाला आणून कबर उकरायची म्हणजे घराण्याच्या तोंडाला काळं. आणि भावाला परत बोटीत घालायचं? छे! मी निघाले. वेंडी माझ्या मागं आली. म्हटलं, येऊ नकोस. ती आली.

उल्टन अंगणात होता. दगडावर बसून, पोत्याच्या तुकड्यानं फावड्याचं पातं पुसत होता. मला धीर आला. फावडं हातात आहे म्हणजे मनात काहीतरी आहे.

"उल्टन."

"डिम्फना." त्यानं मान वर केली नाही. "वाईट झालं फेलिमचं."

"वाईट झालं म्हणतोस आणि घरात पाय टाकत नाहीस. एका बाकावर बसायचात ना रे दोघं?"

"बसायचो."

"मग?"

"मग काय? गुडघे धरलेत माझे."

"गुडघे! गेल्या महिन्यात म्हाताऱ्या हॅगर्टीची कबर खणलीस तेव्हा काय उसने आणले होतेस?"

त्याच्या ओठाचा कोपरा जरा हलला, पण लगेच घट्ट झाला. "हॅगर्टीनं कुणाचा गणवेश घातला नव्हता."

"गणवेशाचं मला सांगू नकोस. तुझ्या आजोबांची पदकं बिस्किटाच्या डब्यात कुणी लपवलीत? इंग्रज राजाचं तोंड आहे त्यांच्यावर. अर्ध्या गावाचे आजोबा त्या फौजेत होते आणि अर्ध्या गावाच्या माळ्यावर असे डबे आहेत. पोटासाठी गेले. फेलिमही पोटासाठी गेला."

"माझे आजोबा महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात लोळले." आता त्यानं वर पाहिलं. डोळे लाल होते. "आपल्या गावच्या चिखलात त्यांनी कुणाच्या आईला लोळवलं नाही."

"फेलिमनं लोळवलं? तो जर्मनीत होता, जर्मनीत! हजारदा सांगितलंय."

"तू सांगितलंस, खरं आहे. पण मोरीवरच सुरुंग का लागला ते एकदा सांग. बाकीचे रस्ते त्यांनी हवे तिथे उडवले, आम्ही बाजूनं वाट काढली. ह्या एका रस्त्याला बाजूच नाही, ती जागा बरोबर सापडली त्यांना. नकाशात दिसत नाही ती. इथं लहानपणी बेडूक पकडले असतील त्यालाच ठाऊक. आम्ही दोघांनी पकडलेत, डिम्फना. त्या मोरीखाली."

मी तोंड उघडलं. सांगणार होते, तुझं डोकं सडलंय म्हणून. तेवढ्यात मागून वेंडी म्हणाली,

"तो इथे होता."

मी गर्रकन मागे वळले. म्हटलं, "वेंडी, गप्प बस."

"नाही बसणार. चाळीस वर्षं गप्प बसण्यात गेली त्याची." ती उल्टनच्या समोर जाऊन उभी राहिली. एवढीशी बाई, माझ्या खांद्याला लागते. "मिस्टर शेरी, तो जर्मनीत होता, पण त्या हिवाळ्यात काही आठवडे त्याला इकडे आणलं. आपण इथलेच आहोत हे त्यानं वरच्यांना सांगितलं नाही. का, ते मला माहीत नाही. भीती, लाज, दोन्ही असेल. त्यांना रस्ता वरच्या वळणावर उडवायचा होता. घरं आहेत तिथे?"

 मी म्हटलं, "हेच ते वळण. हे घर."

वेंडीनं घराच्या भिंतीकडे पाहिलं.  "हे घर," ती म्हणाली. "तो म्हणाला, तिथे म्हातारी माणसं आहेत, छप्पर खाली येईल. म्हणून त्यानं अधिकाऱ्याला मोरी दाखवली. वस्तीपासून लांब, काम एका दणक्यात होईल म्हणाला. सुरुंगाची दारू त्यानं स्वतःच्या हातानं भरली. दफनभूमी त्याच्या डोक्यातच आली नाही. पंचवीस वर्षांचा होता तो. त्या वयात कुणाला दफनभूमी आठवते?"

कोंबड्या अंगणात टोचत होत्या. 

"मग नाताळात डिम्फनाचा फोन आला," वेंडी म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत होती, आणि मला तिचं पुढचं वाक्य नको होतं. "तिनं सांगितलं, शेरींच्या आईचं काय झालं, पेटी कशी पडली. आणि त्याची आई चिखलात बसून काय म्हणाली, तेही सांगितलं. तो फोन ठेवून जिन्यावर बसला तो सकाळपर्यंत. स्वतःच्या आईच्या वेळी तिकीट होतं त्याच्या खिशात. बंदरापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, तो रस्ता आता माझा नाही."

देवा रे! मीच सांगितलं होतं त्याला, शब्दन् शब्द, वर चवीनं. मला वाटलं होतं, तिकडे राहून इंग्रज झालाय, जरा कळू दे त्याला. तो नुसता "हो, हो" म्हणत होता. आणि आमची आई? तिनं शाप दिला तो कुणाला दिला! पोटच्या पोराला. मरेपर्यंत त्याच्या नावानं मेणबत्ती लावत होती ती.

उल्टन उठला. फावडं गोठ्यात नेऊन ठेवलं. मग घरात गेला आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. पण हळूच लावलं.

 घरापाशी आल्यावर मी म्हटलं, "झालं तुझं समाधान? तो येणार होता, वेंडी. हातात फावडं होतं त्याच्या."

"खोटं सांगून खणलेल्या कबरीत त्याला झोप आली असती का?"

"मेलेल्याला झोपच येते, बाई! जागायचं तर आपल्याला आहे."

मी आमचं बटाट्याचं फावडं घेतलं आणि सरळ दफनभूमीकडे निघाले. प्रथा गेली चुलीत. मी ढेकूळ काढणार होते. मंगळवारी त्याला आईजवळ ठेवणार होते, मग गावानं आयुष्यभर माझ्याशी न बोलावं. मोरीवरून जाताना नेहमी गाणारा ओढा आज मला ऐकवेना.

दफनभूमीच्या भिंतीवर पुरुष बसले होते. सहा-सात जण, सगळे माझ्या माहितीतले, काहींची नाकं मी लहानपणी पुसलेली. बातमी आमच्या आधी पोचली होती. आमच्याकडे बातमीला पाय नसतात, पंख असतात. कुणी उठलं नाही, कुणी गेलंही नाही. ऊन टेकडीमागं उतरत होतं. मी आईच्या कबरीपाशी उभी राहिले. बाजूची जागा रिकामी, गवत ओलं.

"मी काढते," वेंडी म्हणाली. "मी इथली नाही. तुमची प्रथा मला लागू नाही."

"तू बायको आहेस त्याची. तुलाच सगळ्यात आधी लागू."

मी फावडं टेकवलं आणि पाय ठेवला.  राग आता नक्की कुणावर, तेच कळत नव्हतं. फेलिमवर होता, आईवर होता, त्या भिंतीवरच्या घुबडांवर होता, आणि दुसऱ्याच्या रस्त्याला सुरुंग लावायला आमचीच पोरं पाठवणाऱ्यांवर तर होताच.

"काढ तो पाय."

उल्टन फाटकातून आत आला होता. खांद्यावर गोठ्यातलं फावडं. दाढी केलेली, चर्चला जायचा कोट घातलेला.

"नाही काढत," मी म्हटलं.

"डिम्फना, काढ. सख्ख्या बहिणीनं खणलेली कबर मी माझ्या गावात होऊ देणार नाही. लोक काय म्हणतील? उल्टन शेरी मेला म्हणून?"

मी पाय काढला. तो माझ्या जागी उभा राहिला, पण फावडं लावलं नाही. मोठ्यानं बोलला, भिंतीवरच्यांना ऐकू जाईल असं.

"ह्यानं माझं घर वाचवलं. आणि माझ्या आईला चिखलात पाडलं. दोन्ही ह्यानंच. मी तेव्हापासून वजन करत बसलोय, काटा कुठेच झुकत नाही." त्यानं नाक पुसलं. "पण तुझ्या आईनं जे म्हटलं त्याला आम्ही सगळे आमेन म्हणालोत. तो शब्द मी मोडणार नाही. त्याची पेटी ह्या रस्त्यानं येणार नाही."

"म्हणजे?" वेंडीनं विचारलं.

मला कळलं होतं. "लव्हाळ्याच्या शेतातून," मी म्हटलं.

"माझी आई आली त्या वाटेनं," उल्टन म्हणाला. "आणि उचलायची तुमची तुम्ही. कबर आमची, खांदा तुमचा. कबूल?"

रस्ता आता डांबरी, गुळगुळीत, शवगाडी दारापर्यंत येते. आणि ह्याच्या अटीपायी भावाला चिखलातून! जीभ वळवळत होती माझी. पण वेंडी म्हणाली, "कबूल." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

उल्टननं फावडं मारलं. गवतासकट ढेकूळ निघालं. त्यानं ते उलटं करून आईच्या कबरीच्या दगडाला टेकवून ठेवलं.

मंगळवारी पाऊस नव्हता, पण आधीचा सगळा शेतात साचला होता. वेंडीचे दोन मुलगे बोटीनं आले होते, ऑफिसात बसणारी मुलं, चकचकीत बूट. पुढे ते दोघं, मागं आम्ही दोघी. शवगाडीवाल्यानं पेटी शेताच्या फाटकात उतरवली आणि बाजूला झाला. वर रस्त्यावर सगळं गाव उभं होतं, टोप्या काढून. फादरही तिथेच. आम्ही खाली, गाव वर.

पहिल्या काही पावलांतच बूट गेले. लव्हाळ्याच्या बुंध्यावर पाय पडला तर धरतो, चुकला तर गुडघ्यापर्यंत आत. पेटीची कड माझ्या मानेत रुतत होती. वेंडी दातांवर दात रोवून चालत होती. वरून कुणी हसलं नाही. रोजरीच्या जपमाळांचे मणी सरकल्याचा आवाज तेवढा येत होता.

ओढ्याच्या काठी आलो आणि पुढच्या दोघांतल्या एका मुलाचा पाय सटकला. तो मांडीपर्यंत गेला. पेटी एका बाजूला कलली, मी ओरडले, वेंडीनं अख्खं अंग खाली घातलं आणि पेटी तिच्या पाठीवर थांबली. पडली नाही. पण आता ती पुढेही जाईना आणि मागेही. मुलगा रडवेला झाला होता.  मी वर पाहिलं. हाक मारणार नव्हते. मेले असते तरी मारली नसती.

उल्टन रस्त्याच्या कडेला उभा होता. खाली आमच्याकडे नाही, त्या जागेकडे बघत होता. तिथेच पडली होती त्याची आई.

मग तो उतरला, चर्चच्या कोटासकट, नव्या बुटांसकट. गुडघे धरलेला माणूस, बांधावरून घसरतच आला. चिखलातून सरळ पेटीपाशी आला, मुलाला दंडाला धरून वर ओढला, बाजूला केला आणि स्वतः त्याच्या जागी वाकला. झाकणावर हात ठेवला, शाळेतल्या मित्राच्या पाठीवर ठेवावा तसा.

"आता कळलं ना रे, फेलिम," तो म्हणाला, "किती लांब पडतं ते?"

आणि त्यानं खांदा लावला. बांधावरून बाकीचे एकेक करून खाली उतरू लागले.